दुपारपर्यंत जमिनीवर

काजेमावशींचा उजवा गुडघा अगदी त्यांच्या स्वभावावर गेला होता. एकदा अडला की अडला. तरीही त्या सकाळी त्या हट्टाने प्रार्थनाघराच्या जमिनीवर जाऊन बसल्या. लोकांच्या कपड्यांची काजं करण्यात जन्म गेला म्हणून सगळी आळी त्यांना काजेमावशी म्हणायची. आणि मधल्या वाटेच्या पलीकडे, पुरुषांच्या बाजूला अगदी टोकाशी बसलेला, पुस्तकं बांधून देणारा बाइंडर हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ आहे, आणि आई गेल्यापासून दोघांचा अबोला आहे, हेही सगळ्या आळीला ठाऊक होतं.

आज मात्र तो अबोला कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हता. यरुशलेमचं मंदिर एकदा नव्हे, दोनदा पडलं, त्या दुःखाचा हा ज्यू लोकांचा दिवस. काल सूर्य बुडाल्यापासून घोटभर पाणीसुद्धा नाही, पायात चामड्याची वहाण नाही, दुपारपर्यंत बसायचं ते जमिनीवर, आणि कोणी कोणाला ‘कसं काय’ म्हणायचं नाही. ज्याचं घरच पडलंय, त्या माणसाला कसलं कसं काय! मावशींना हा नियम फार सोयीचा वाटे. वर्षातून एक दिवस त्या भावाला बघून मान फिरवत आणि तो चक्क धर्म ठरे.

यंदा मात्र तो सोयीचा वाटेना. परवा बाइंडरची मुलगी त्याला कायमचं आपल्या गावी नेणार होती. दुकानाची पाटी उतरली होती. खळीचे डबे भंगारवाल्याच्या गाडीत पडताना मावशींनी खिडकीतून पाहिले होते आणि त्यानंतर त्यांना शिवण सुचलं नव्हतं. पण आधी बोलायचं कोणी? त्यांनी? का म्हणून?

भांडण तरी केवढं! आई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे दोघं आठवडाभर जमिनीवर बसली होती. शेवटच्या सकाळी दोघांनी मिळून उठायचं. मावशी डोळे पुसायला आतल्या खोलीत गेल्या, आणि बाहेर येऊन बघतात तर धाकटा उठून, चटया गुंडाळून, खुर्च्या मांडून मोकळा. “एवढी घाई झाली होती?” मावशी म्हणाल्या. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. बस्स, एवढंच. बाकीचा पर्वत दोघांनी घरी बसून आपापल्या सवडीने रचला.

शोकगीतांचं वाचन संपल्यावर धर्मगुरू कोरड्या ओठांनी म्हणाले, “दुसरं मंदिर शत्रूने पाडलं खरं. पण जुनी माणसं सांगतात, ते त्याआधीच आतून पोखरलं होतं. आपणच पोखरलं, काही कारण नसताना एकमेकांचा राग राग करून.”

हे धाकट्याने नीट ऐकायला हवं, असं वाटून मावशींनी आज पहिल्यांदाच पलीकडे पाहिलं. धाकटा नेमका त्यांच्याकडेच बघत होता. त्यालाही बहुधा तेच वाटलं असावं.

“आता दुपार झाली,” धर्मगुरू पुढे म्हणाले. “उपास आहे, दुःख आहे. पण जमिनीवरून उठायचं, बाकावर बसायचं. रडू आवरलं नसेल तरी उठायचं.”

मावशी याच क्षणाची वाट बघत होत्या. रात्रभर त्यांनी बेत केला होता की यंदा आपण आधी उठायचं, ताडकन. कळू दे त्याला कसं वाटतं ते. त्यांनी हात टेकले, जोर लावला, आणि गुडघा अडला.

लोक उठले, कोणी बाकांवर बसले, बरेचसे घरी पडायला गेले. एकाने बाइंडरला हात पुढे केला. “बसतो जरा,” तो म्हणाला. हळूहळू बाकंही रिकामी झाली, आणि देखरेख करणारे काका झाडू घेऊन आले. सांत्वन करणारा तारणहार याच दिवशी जन्माला येईल अशी जुनी श्रद्धा, म्हणून दुपारी जमीन झाडून ठेवायची.

“उठा मावशी. येणाऱ्याच्या पायाला कचरा लागायला नको.”

“म्हणजे मी कचरा का?” मावशी कडाडल्या. मग पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “आधी त्यांना सांगा. त्यांना नेहमीच उठायची घाई असते.”

बाइंडर आपल्या कापडी बुटांकडे बघत राहिला. “काका, तिला सांगा, मी थांबलोय.”

काकांनी झाडू खाली केला.

“दरवर्षी थांबतो,” तो म्हणाला. “ही उठली की मग उठतो. पण हिची मान भिंतीकडे असते.”

मावशींनी मान त्याच्याकडे वळवली. “मग... त्या दिवशी का नाही थांबलास?”

“तू आत रडत होतीस. म्हटलं, आईच्या नावाने घातलेल्या चटया हिला गुंडाळायला लागू नयेत.”

“हे तेव्हा सांगायला काय धाड भरली होती?”

“तू विचारलंस कुठे, ताई? टोमणाच मारलास.”

ताई हा शब्द ऐकला आणि मावशींच्या डोळ्यांना धार लागली. “चुकलं रे माझं,” त्या म्हणाल्या. “ये इकडे. माझ्याच्याने उठवत नाही.”

“माझ्याच्याने तरी कुठे!”

तरी तो बसल्या बसल्या सरकत, कुंथत, मधली वाट ओलांडून आला आणि त्याने ताईच्या पाठीला पाठ लावली. लहानपणी अंगणात खेळायची तशी दोघांनी कोपरात कोपरं अडकवली. त्या खेळात आधी कोणी उठायचं नसतं. उठला तर दोघंही आपटतात.

पहिल्या खेपेला बाइंडरने आधीच जोर लावला आणि दोघं कलंडली.

“घाई!” मावशी म्हणाल्या, आणि इतक्या दुःखाच्या दिवशी हसू नये म्हणून त्यांनी ओठ चावला.

दुसऱ्या खेपेला पाठीला पाठ घासत, हाडं कुरकुरत, दोघं एकदम उभी राहिली.

“आज उपास माझ्याकडे सोड,” मावशी समोरच्या भिंतीला म्हणाल्या. “आणि उद्या सकाळी ये. कसं काय म्हणून विचारायचं राहिलंय.”

“येतो,” मागून आवाज आला.

जमीन आता मोकळी झाली होती. पण त्यांची कोपरं काही सुटेनात, म्हणून काका झाडू टेकून तसेच उभे राहिले.