तपकिरी सूट

सुभेदार आंतोन परेरा गेले त्या दिवशी मला पहिला राग आला तो त्यांच्या कपड्यांचा.

पासष्टच्या लढाईत माझ्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा मला पाठीवर टाकून दीड मैल चालत आणणारा हा माणूस. मरोळ गावठाणातली टवाळ पोरंसुद्धा त्यांना बघून विडी लपवायची. आम्ही पलटणीतले पाच-सहा म्हातारे छातीवर मेडलं लावून त्यांच्या शवपेटीपाशी उभे होतो, आणि सुभेदार आत तपकिरी सूट घालून झोपले होते. कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.

"वर्दी कुठंय?" मी कुंडलिकला विचारलं. तो आमच्याच पलटणीतला, आता साकीनाक्याला एका कारखान्यात वॉचमन.

"मला काय विचारतोस, सद्या? वहिनींना विचार ना."

"वर्दी घडी करून टेबलावर, आणि साहेबांच्या अंगात हे! कुणाचं डोकं म्हणायचं हे?"

"हळू बोल रे, प्रार्थना चाललीय."

मी आवाज खाली आणला नाही. खरं तर मला सुटाचा राग आलाच नव्हता. दोन वर्षं मी या घरावरून जाणं टाळलं होतं, लांबच्या बोळातून कामाला जात होतो, आणि आता टाळायला माणूसच उरला नव्हता.

माझ्या मुलीचं, उत्तराचं लग्न त्र्याऐंशी साली झालं, मुलुंडच्या एका हॉलमध्ये. पत्रिका छापून आल्या तेव्हा पहिलं नाव मी सुभेदारांचं घातलं, हळदकुंकू लावलं. त्याच संध्याकाळी व्याही आले. चहा पिता पिता म्हणाले, "पंगतीला आमच्याकडची जुन्या वळणाची माणसं असतील. तुमच्या त्या ख्रिस्ती मित्रांना मागाहून कधीतरी बोलवा." गोळी खाल्लेला माणूस मी, पण मुकाट मान हलवली. पत्रिका कपाटात रेशनकार्डाखाली सरकवली. बायकोला, मालनला सांगितलं, पोस्टाने टाकली. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला कुणी पोस्टाने पत्रिका टाकतं का? पण मालन चहाचे कप उचलून आत गेली.

प्रार्थना संपली. पेटी चर्चमध्ये न्यायची म्हणून झाकण आणलं, तेव्हा नातालीन वहिनींनी मला हात करून जवळ बोलावलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"भावजी, वर्दीचं विचारत होता ना? त्यांनीच सांगून ठेवलं होतं, हा सूट घाला म्हणून. उत्तराच्या लग्नासाठी शिवला होता. पोट सुटलंय म्हणून दोनदा माप दिलं शिंप्याकडे."

मी त्या कोटाच्या बटणांकडे बघितलं.

"लग्नाच्या दिवशी सकाळी सातला घालून दारात खुर्ची टाकून बसले. म्हणाले, सद्या धांदलीत असेल, कुणाला तरी धाडेल. अकरा वाजता उठले, सूट काढला, ब्रश मारून टांगून ठेवला. परत कधी घातला नाही." त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली. "मालनबाई म्हणाल्या होत्या, पत्रिका पोस्टात गहाळ झाली. तसंच झालं ना, भावजी?"

हो म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. त्या बाईलाही तेच ऐकायचं होतं. पण सुभेदार समोर होते, आणि त्यांच्यासमोर मी आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. खोटं बोललो ते त्यांच्या पाठीमागे.

"नाही, वहिनी. टाकलीच नव्हती. व्याही नको म्हणाले, आणि मी ऐकलं."

त्यांनी कॉलरवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणून मला बजावलं होतं, सद्याला पत्रिकेचं कधी विचारू नकोस. त्यांना ठाऊक होतं, भावजी. मलाच ठाऊक नव्हतं."

मग त्या बाजूला झाल्या आणि झाकण लागलं.

चर्चमध्ये फादर काय बोलले, मला आठवत नाही. दफनभूमीत दोरांनी पेटी खाली सोडली, आम्ही सॅल्यूट केला. मग एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकायला लागला. आमच्यात कुणाच्या अंत्ययात्रेला जायचं तर मातीला जातो म्हणतात. जन्मभर मी मातीला गेलो, पण आमच्याकडे माणूस जाळतात, त्यामुळे माती अशी हातात कधी आली नव्हती.

माझी पाळी आली. मूठ भरून घेतली आणि मला ती सोडवेना. मागून कुंडलिक म्हणाला, "टाक ना रे, लोक थांबलेत." तरी हात उघडेना. खाली तो सूट होता, ब्रश मारून ठेवलेला.

मी मांडीचं दुखणं विसरून खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकले, आणि दोन वर्षांपूर्वी चार पावलं चालून जाऊन जे म्हणायचं होतं ते म्हणालो.

"साहेब, आमच्या उत्तराचं लग्न आहे. सहकुटुंब यायचं हं."