जवल्याच्या वासाचा तंबू

मी तंबू बोलतोय. रंगानं नारिंगी, दोन माणसांचा. दोन माणसांचा म्हणजे नक्की कुणाचा, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. कुठल्याशा कारखान्यात माझं कापड बेतलं, शिवलं, घडी घालून पिशवीत कोंबलं. पिशवी उघडली तेव्हा मी सातपाटीत होतो, रामा तांडेलांच्या घरात. समोर एक मुलगी आनंदानं नाचत होती आणि तिची आई मला चिमटीत धरून विचारत होती, "येवढी ताडपत्री कशाला आणलीस गो?"

"ताडपत्री नाय आई, तंबू हाय. वाळवंटात जायचंय आमाला. पक्षी बघायला."

"वाळवंटात पक्षी? पाणी नाय तिथं काय खातील ते, वाळू?"

मुलीचं नाव रुचिता. बोईसरच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून खाडीवर फिरायची. आई हिराबाई मासळी सुकवून पालघरच्या बाजारात विकायच्या. वडील रामा तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. पण मी आलो तोवर त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी समुद्र बंद केला होता आणि होडी पुतण्याच्या हाती गेली होती. ते दिवसभर ओट्यावर बसून असत. समुद्राकडे पाठ करून. काही विचारलं तर एक "हां" किंवा एक "नाय".

रुचिताची मैत्रीण किंजल दर रविवारी सालवडहून यायची. दोघी मला जमिनीवर पसरून माझ्यावरच बसायच्या आणि मोबाइलवर नकाशा उघडायच्या. आधी ठरलं कच्छचं रण. मग ठरलं, रण आणि पुढे जैसलमेरजवळचं वाळवंटी उद्यान. मग रण गळालं. फेब्रुवारीत जावं तर किंजलला रजा नाही, मार्चअखेर जावं तर ऊन, शिवाय थंडीपुरते पाहुणे येणारे क्रौंच पक्षी परत निघालेले. त्यात उद्यानाच्या आत तंबू ठोकायला परवानगीच नाही असं कळलं. मग मला कशाला आणलं?

"बाहेरच्या गावात कुणाच्या तरी अंगणात लावू," रुचिता म्हणाली. तिला एकच ध्यास होता. माळढोक बघायचा. माणसाच्या कमरेइतका उंच पक्षी, अगदी थोडे उरलेले. किंजल म्हणायची, दिसणार नाही. रुचिता म्हणायची, दिसेल.

यात हिराबाईंची भर. "शिमग्याला घरात नसशील तर परत येऊच नको." कोळ्यांच्या घरात शिमग्याइतका मोठा सण नाही. तेव्हा ठरलं, शिमगा झाला की निघायचं.

सराव म्हणून दोघींनी मला किनाऱ्यावर उभं केलं. चहूकडे वाळू. मला वाटलं, पोचलो वाळवंटात. समोर एवढं पाणी कसं, याचा उलगडा होईना. संध्याकाळी मला गुंडाळलं तेव्हा माझी समजूत अशी की सहल झाली, आता संपलं.

त्यातच थंडीत जवला, म्हणजे बारीक कोळंबी, भरपूर आला. हिराबाईंना पसरायला जागा पुरेना. एके दिवशी रुचिता कामावर गेलेली असताना त्यांनी मला पिशवीतून काढलं, उन्हात अंथरलं आणि माझ्यावर जवला वाळत घातला. कावळे आले, मांजरं आली. रुचितानं संध्याकाळी पाहिलं आणि ती रडायलाच लागली. हिराबाईंनी मला साबणानं तीनतीनदा धुतलं. वास गेला नाही. माझं मलाच समजेना, मी नक्की कुणाच्या उपयोगाचा.

मग फेब्रुवारीत किंजलचा फोन आला. तिचा साखरपुडा ठरला होता आणि तारीख नेमकी सहलीच्याच दिवसांतली.

"एकटी नाय जायचं," हिराबाई म्हणाल्या. "परक्या मुलखात, कापडाच्या घरात? नाय म्हणजे नाय."

रुचितानं खूप समजावलं. तिकिटं काढलीत, जीपवाला ओळखीतल्यांनी सांगितलेला आहे, सगळं सांगितलं. शेवटी ती मला पिशवीत दाबू लागली. इतक्या रागानं, की चेन अडकली.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. "मी जातो तिच्यासंगती."

हिराबाईंनी बाहेर जाऊन नवऱ्याचा चेहरा नीट पाहिला.

"तुमी? तुमी पालघरला यायला तयार नाय होत."

"हां," रामा तांडेल म्हणाले. का जायचं होतं त्यांना? रुचिताला कळलं नाही, हिराबाईंना कळलं नाही. मला तर काहीच कळलं नाही. डॉक्टरांनी मात्र, गोळ्या चुकवू नका एवढ्यावर परवानगी दिली.

बोईसरहून गाडी पकडली. पुढे बस, मग जीप. एका ढाणीत, म्हणजे वाळूतल्या चार घरांच्या वस्तीत, एका म्हातारीच्या अंगणात मला उभं केलं. म्हातारीनं जवळ येऊन वास घेतला आणि पदर नाकाला लावला. तिची बकरी मात्र माझ्यापासून हलेना. रुचिता खूप दिवसांनी खळखळून हसली. तांडेल हसले नाहीत. ते चहूकडे बघत होते.

"इथं खूण कशाची धरायची?" त्यांनी विचारलं. "डोंगर नाय, देऊळ नाय. माणूस जातो कुठं आणि येतो कुठं?"

दोन दिवस जीपनं हिंडून रुचितानं गिधाडं पाहिली, क्रौंचांचा एक उशिरा निघालेला थवा पाहिला. माळढोक नाही. तांडेल जीपमध्ये मुकाट बसून असत.

तिसऱ्या सकाळी ते माझ्या आत नव्हते. रुचिताला वाटलं, पाय मोकळे करायला गेले असतील. चहा निवला. वारा वाढला, वाळू उडायला लागली, जवळची बोरीची झुडपंही धूसर झाली. म्हातारी ओरडली, "बेटी, बापू कहाँ है?"

रुचितानं हाका मारल्या. वाऱ्यानं हाक तिच्याच तोंडावर परत आणली. जीपवाला एका बाजूला धावला. ती दुसऱ्या बाजूला निघाली, थांबली, मागे आली. मग एकाएकी तिनं माझे खुंटे उपटायला सुरुवात केली. मला वाटलं, बापाला इथंच सोडून ही घरी चालली.

पण तिनं माझं वरचं कापड सोडवलं, अंगणातला छप्पर शाकारायचा लांब बांबू घेतला, त्याला मला बांधलं आणि घरामागच्या टेकाडावर चढली. समुद्रात दूरवर जाळं टाकलं की ते सापडावं म्हणून कोळी काठीला बावटा लावतात. मी बावटा झालो होतो. वाऱ्यानं मला असं ओढलं की वाटलं, चिंध्या होतील. एका बाभळीच्या काट्यानं मला मधोमध फाडलं. रुचितानं बांबू सोडला नाही.

वारा पडायच्या सुमारास एक काळा ठिपका दिसला. तो सरळ माझ्याकडे येत होता.

तांडेल आले, खाली बसले, पाणी प्यायले. रुचिता त्यांच्या गळ्यात पडली आणि त्याच वेळी त्यांना ओरडतही होती. ते म्हणाले, "पक्षी पायला मी. उंच. गोणपाटाच्या रंगाचा. डोक्यावर काळी टोपी. माझ्याकडं बघत हुबा व्हता."

रुचितानं पुस्तकातलं चित्र दाखवलं. "हा?"

"हा." मग बराच वेळ बघून, "नाय म्हंजे, असाच. पण ह्या चित्रात तो लहान दिसतो."

ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. जो पक्षी तिला दिसला नाही, तो बापाला दिसला, की वाळूच्या धुरळ्यात भलतंच काही दिसलं? तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी तांडेल जेवताना बोलत राहिले. माशांबद्दल, वाऱ्यांबद्दल, तिच्या लहानपणाबद्दल. म्हातारीला भाषा कळत नव्हती, तरी ती मान हलवत होती.

आता आम्ही घरी आहोत. मी तांडेलांच्या मांडीवर पसरलोय आणि ते जाळ्याच्या दोऱ्यानं माझं फाटलेलं कापड शिवतायत. रुचिता कामावर गेलीय. हिराबाई शेजारी कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवला, निवडत बसल्यात. मघाशी त्यांनी हळूच विचारलं, "खरंच पायलात तो पक्षी, की पोरीचं मन राखलंत?"

तांडेलांनी सुई थांबवली.

"मी रस्ता चुकलो नव्हतो हिरा. पयल्यांदा नाय. मुद्दाम गेलो लांब. मग बसलो वाळूत. उठायचं मनात नव्हतं."

हिराबाईंचा हात कोलीमात तसाच राहिला.

"मग तो दिसला. बघितलान माझ्याकडं आणि चालाय लागला, सावकाश. त्याच्यामागनं मीबी उठलो. मग धुरळ्यात तो गेला कुठं, कळलं नाय. वाटबी सापडंना. तेवढ्यात हा नारिंगी बावटा. आता तो पक्षी व्हता का काय व्हतं, मला ठाव नाय."

हिराबाई सरकून त्यांच्याजवळ बसल्या.

"पक्षीच व्हता तो," त्या म्हणाल्या.

तांडेलांनी मान हलवली, पण सुई अजून उचललेली नाही. ती माझ्यात अर्धी रुतून आहे, दोरा लोंबतोय. माझं एकच मागणं आहे. ओट्यासमोरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी आत्ता इथं थांबून कसला तंबू, किती दिवसांत शिवून होणार, असं काही विचारू नये. होईल तेव्हा होईल. तोवर या दोघांना असंच बसू द्या.