उलटा बसवलेला आरसा

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. एकोणीस वर्षं ती लेसरचं टेबल सांभाळत होती. सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर लेसर क्षणाच्याही सूक्ष्म अंशात घाव घालायचा आणि केसाहून बारीक चरे उमटायचे. त्यावर पाण्याचा थेंब ठरत नसे. हे एकाच घावाने होतं, असे लेख सरांनी तीन वर्षं लिहिले होते.

मग लेसर वळवणाऱ्या एका आरशावर डाग पडला. ताईने नवा बसवला आणि बारीक चरे बंदच झाले. उमटत ते जाडेभरडे.

"घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा," सर म्हणाले.

आठ दिवस तिने एकेक स्क्रू तपासला. सकाळी वडिलांना भरवून यायचं, संध्याकाळी परत जाऊन भरवायचं. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. भाऊ म्हणायचा, "रविवारी येतो ना मी!" रविवारी यायचा, जेवायचा, जायचा.

नवव्या दिवशी तिने जुना आरसा हातात घेतला. लेसर पडायचा त्या बाजूला सहज नख टेकवलं. नख आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसली. म्हणजे चकाकीचा थर मागच्या बाजूला होता; तो पुढे हवा. आरसा उलटा बसवला होता. बसवला होता तिनेच, तीन वर्षांपूर्वी वडील दवाखान्यात होते त्या आठवड्यात, डोळ्यांत झोप असताना.

प्रकाश आधी काचेवरून थोडासा परतायचा, मग मागच्या थरावरून सगळा. एका घावाचे दोन घाव व्हायचे. पहिला हलका घाव सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे करायचा, त्यांची दाटी व्हायची, आणि त्या दाटीवर खरा घाव पडायचा. बारीक चरे त्यानेच उमटत होते.

तिने नवा आरसाही उलटा करून पाहिला. चरे परत आले. ती स्टुलावर बसून राहिली. मग सरांच्या खोलीत गेली.

सगळं ऐकून सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन वर्षं लिहिलं ते..."

"चरे खरे आहेत, सर. कारण चुकलं."

"गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं."

"हो. तासभर तोच विचार करत होते."

सरांच्या निवृत्तीला सातच महिने उरले होते. "बसा," ते म्हणाले. "पत्राचा मसुदा करू. लेख मागे घ्यावे लागतील."

त्या संध्याकाळी वडिलांनी अडखळत विचारलं, "सापडलं?"

"सापडलं. आरसा मीच उलटा बसवला होता."

वडील आयुष्यभर फिटर होते. अर्धाच चेहरा हसला. "फिटरच्या पोरीने? उलटा?"

तिलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू.

लेख मागे घेतले गेले. काही ओळखीच्यांनी सरांना फोन करणं सोडलं. उरलेले महिने दोघांनी मुद्दाम दोन घाव घालून, त्यांच्यातलं अंतर बदलत, सगळं पहिल्यापासून मोजलं. निम्मंच झालं. सर निवृत्त झाले, टेबल दुसऱ्या विभागाकडे गेलं. तिथल्या साहेबांनी मोजमापाची वही मागितली, तेव्हा ताईने ती दिली आणि त्या दिवशी लवकर घरी गेली.