ब्रेकाची पिवळी बत्ती

मी म्हाळूच्या ट्रकातली पिवळी बत्ती बोलतेय, स्टेअरिंगमागची. आज सकाळी जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चावी फिरली की पेटायचं, गाडी चालू लागली की विझायचं, एवढंच माझं काम. मी विझले म्हणजे समजावं, ब्रेक शहाणे आहेत. चाकाजवळ बोटाएवढा सेन्सर असतो, तो चाकाचं फिरणं मोजतो. ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरायला लागलं, की शहाणा ब्रेक आपणहून हवा क्षणभर सोडतो, पुन्हा धरतो. सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं, म्हणून गाडी स्टेअरिंगचं ऐकते.

तेलगावजवळ चिखलात म्हाळूनं करकचून ब्रेक दाबला, तेव्हा असंच झालं. फस्, फस्, फस्. समोरची बैलगाडी वाचली. हा पठ्ठ्या मात्र थेट सिदू मिस्त्रीकडं.

"सिदूभाऊ, हवा गळतीय. ब्रेकाला दमा लागलाय बघ."

सिदूनं सेन्सरची तारच उपटली. आवाज बंद. साधा ब्रेक लागत होता, म्हणून दोघं खूश. मी पेटले ती पेटलेच. "पिवळी हाय, लाल थोडीच," म्हणत म्हाळूनं दसऱ्याच्या पूजेला नेमका माझ्यावर देवाचा स्टिकर डकवला.

आज सकाळी ऊसतोडीची टोळी निघाली. मागं बावीस माणसं, त्यात लेकरं. केबिनमध्ये म्हाळूची बायको छबुबाई. धारूरच्या घाटात वळणावर ऊस सांडलेला. म्हाळूनं ब्रेक दाबला आणि चाकं जागीच अडकली. त्यानं स्टेअरिंग पार डावीकडं फिरवलं, गाडी सरळच घसरत गेली. ट्रक थांबला तेव्हा दरी चाकापासून वीतभर होती.

छबुबाईनं सगळी लेकरं उतरवली. मग परत येऊन, कडेनं पिवळा उजेड दिसत होता तो स्टिकर नखानं खरवडला.

"ही कावून जळतीय?"

"सिदूनं तार काढली तवापासून."

"अन् तुमी तिच्या तोंडावर देव चिकटवला. बोलवा त्याला हितं. ही विझल्याबिगर एक माणूस चढणार न्हाई."

ती रस्त्याकडेला बसली. टोळीही बसली. म्हाळू सिदूला फोन लावतोय.

मी अजून जळतेय. बायांनो, गाडीत बसलात की आधी माझ्याकडं बघा. गाडी चालू लागली तरी मी विझले नाही, तर ड्रायव्हर सख्खा नवरा असला तरी गाडी थांबवायला लावा अन् खाली उतरा.