डेमो पीस

"नव्या टॅबलेटची पेन्सिल डब्यातच मिळणार की वेगळी विकत घ्यावी लागणार, तेवढं सांग," टायरवाल्याने फळ्यावर बोट ठेवत विचारलं.

"वेगळी."

"आणि किंमत?"

"लिहिलीय ना खाली. त्याच्या वर जाणार नाही."

"मग घेऊन टाकू का आत्ताचाच?"

"थांबा," काउंटरमागचा थांबाभाऊ म्हणाला, आणि मोबाइलच्या दुकानातली दोन-तीन माणसं हसली. टायरवाला शेजारच्याच दुकानातला. गेली दोन वर्षं तो याच्या सांगण्यावरून थांबला होता आणि अजून त्याने साधं कव्हरही विकत घेतलेलं नव्हतं.

थांबाभाऊ हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. उभा असतो विकायला, पण तोंडातून पहिला शब्द निघतो तो 'थांबा'. नवा येतोय, थांबा. जुना स्वस्त होईल, थांबा. तरुणपणी त्याने हौसेने एक फोन घेतला होता आणि पुढच्याच आठवड्यात त्याच पैशांत त्याहून चांगला आला होता. तेव्हा दुधाने त्याचं तोंड पोळलं, आणि तेव्हापासून हा सगळ्या गावाचं ताक फुंकत बसला होता.

मालक आधी चिडायचे. मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याला हा परत पाठवतो तो दुसरीकडे न जाता काही दिवसांनी इथेच येतो. मालकांनी मग स्वतःच दारापाशी पांढरा फळा टांगून दिला. त्यावर येऊ घातलेल्या टॅबलेटची सगळी कुंडली होती. पडदा केवढा, बॅटरी किती टिकेल, सॉफ्टवेअर किती वर्षं नवं होत राहील, किंमत काय. प्रत्येक ओळीपुढे 'बहुतेक' किंवा 'ऐकीव' असं लिहिलेलं. एका ओळीपुढे मात्र तसं काही नव्हतं. 'आपला आवाज शिकून घेईल आणि आपल्याच आवाजात बोलेल.' ही ओळ पुसट झाली की तो पुन्हा गिरवायचा.

त्या ओळीसाठी त्याने आपल्या बहिणीचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी घेण्यात तिची सगळी नोकरी गेली. नळाला पाणी नाही म्हणून शिव्या देत सुरुवात केलेला माणूस फोन ठेवताना तिला 'बरं ताई, ठेवतो' म्हणायचा, असा तिचा आवाज. निवृत्त झाली आणि वर्षभरात घसा बसला. सर्दी असेल म्हणून तिने अंगावर काढलं. मग गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल, पण उशीर करू नका.

"तीन आठवडे दे मला," तेव्हा तो ताईला घरी आल्यावर म्हणाला होता. "टॅबलेट येऊ दे. तुझा आवाज त्यात भरून घेऊ. मग काय कापायचं ते कापू देत."

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं चाललंय तुझं," ताई हसली होती. पण तिने ऐकलं. ती सहसा त्याचं काही ऐकायची नाही. या वेळी ऐकलं, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

आज संध्याकाळी कंपनी तो टॅबलेट जगाला दाखवणार होती. मालकांनी मोठा टीव्ही सुरू केला, गोदामातून खुर्च्या आणवल्या. फळ्यावरचे अंदाज खरे ठरतात की नाही हे बघायला माणसं जमू लागली. खिशातला फोन दुपारपासून थरथरत होता. शेवटी आडोशाला जाऊन त्याने तो उचलला.

"कालची तपासणी पाहिली," डॉक्टर म्हणाले. "गाठ वाढलीय. अहो, तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?"

"आज संध्याकाळी कळेल, डॉक्टर."

"काय कळेल?"

'कळवतो' म्हणून त्याने फोन ठेवला. 'पाच वाजता टीव्हीवर दाखवणार आहेत' हे डॉक्टरांना सांगायची त्याची छाती झाली नाही.

बाहेर आला तर दारात ताई. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीसारखे मिस्कील.

"तू कशाला आलीस? आणि बोलू नकोस. आवाज राखून ठेव म्हटलंय ना मी?"

"राखून काय करू? लोणचं घालू?" तिचा आवाज आता खरवडल्यासारखा यायचा. "उद्या दाखल होतेय. परवा ऑपरेशन. आत्ताच इथे दारात उभं राहून डॉक्टरांना फोनवर कळवलंय."

"मला न विचारता?"

"गळा माझा आहे, धाकट्या."

त्याने तिला हाताला धरून बाजूला घेतलं. गिऱ्हाइकं बघत होती. "अजून फक्त दहा दिवस. आज जाहीर होईल, आठवड्यात माल येईल. पहिला नग तुझा. मालकांशी बोललोय मी."

"आणि त्यात ते आवाजाचं नसलं तर?"

"असणार."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

सगळे म्हणजे त्याच्यासारखेच. हा त्यांचं वाचून फळ्यावर लिहायचा, ते आणखी कुणाचं तरी वाचून लिहायचे, आणि मुळात ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याने 'असं झालं तर बरं होईल' एवढंच म्हटलं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं. बाकीच्या ओळींच्या बाबतीत तो हे गिऱ्हाइकांना बजावूनही सांगायचा.

"दहा दिवसांत ही गाठ काय करेल, तेही सगळे सांगतात का?" ताईने विचारलं.

त्याने फळ्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"बरं. आलेच आहे तर बघते मीही," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. तिथे चार डेमो पीस तारेने बांधून ठेवलेले असत. गिऱ्हाइकांनी हात लावून बघायचे, फोटो काढायचे, माइकमध्ये 'हॅलो हॅलो' म्हणायचं. दुकान बंद करताना ते चारही पुसून कोरे करायचे हा थांबाभाऊचा नेम. कुणाच्या पोराचा फोटो, कुणाचं गाणं, उगाच दुसऱ्याच्या नजरेला कशाला पडावं, असं त्याचं म्हणणं होतं. एवढ्या वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

टीव्हीवर काळा शर्ट घातलेला माणूस मंचावर आला आणि दुकान शांत झालं. पडद्याचा आकार फळ्यावर होता तोच निघाला. बॅटरीही तेवढीच. पेन्सिल वेगळी, तेव्हा टायरवाल्याने थांबाभाऊच्या पाठीत धपाटा घातला. प्रत्येक गोष्टीला तिकडे टाळ्या पडत होत्या आणि त्यांच्या मागोमाग इकडे दुकानातही. किंमत आली ती तर रुपयाचाही फरक न पडता. मालक उठून उभे राहिले आणि लोकांकडे असे बघू लागले, जणू टॅबलेट त्यांनीच घडवलाय.

थांबाभाऊला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो एकाच ओळीची वाट बघत होता.

आणि ती आली. मंचावर एक बाई आली, टॅबलेटवर काहीतरी टाइप केलं, आणि तिचं तोंड मिटलेलं असताना तिचाच आवाज बोलू लागला. थांबाभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वळून ताईकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाठ करून, एका डेमो पीसवर वाकून बसली होती. त्याला तिचा रागच आला. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते समोर आलंय आणि ही खेळत बसलीय.

"ही सोय पुढच्या वर्षी येईल," टीव्हीवरचा माणूस म्हणाला. "सुरुवातीला या भाषांमध्ये."

पडद्यावर भाषांची नावं आली. थांबाभाऊने ती वरून खाली वाचली, मग पुन्हा वरून वाचायला घेतली. तोवर ती गेलीही. त्यात आपली भाषा नव्हती.

टाळ्या वाजतच होत्या.

"मग आता?" टायरवाला खुशीत होता. "घेऊ का थांबू?"

"मला माहीत नाही," थांबाभाऊ म्हणाला. दुकानात त्याच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. टायरवाला चपापून बाजूला झाला.

गर्दी काउंटरकडे सरकली. त्यातून वाट काढत ताई त्याच्याजवळ आली.

"सगळं बरोबर निघालं की रे तुझं."

"तीन आठवडे गेले, ताई. माझ्यामुळे गेले."

"गेले ना? मग आता ते उगाळत बसू नकोस." तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. "मी बॅग भरायला जाते. आणि ऐक, कोपऱ्यातल्या त्या शेवटच्या यंत्रात थोडी लुडबूड केलीय मी. पुसायच्या आधी बघ."

त्याने मान हलवली. पण तिचे शब्द कानावरून गेले फक्त. गिऱ्हाइकं त्याच्या बाहीला धरून नव्या रंगांबद्दल विचारत होती.

दुकान रिकामं झालं. मालक गल्ला लावायला बसले आणि तो डेमो पीस पुसू लागला. पहिल्यात जिभा काढलेल्या पोरांचे फोटो. पुसले. दुसऱ्यात छताचे फोटो, तिसऱ्यात कुणाची तरी शिट्टी. पुसलं. चौथा हातात घेतला आणि सवयीने त्याचं बोट 'सगळं पुसा'वर गेलं. 'नक्की पुसायचं?' यंत्राने विचारलं. हा प्रश्न तो रोज न वाचताच दाबून टाकायचा. आज बोट अगदी टेकणार तेवढ्यात ताईचं बोलणं त्याला आठवलं. त्याने हात असा झटक्याने मागे घेतला, की मालकांनी वर पाहिलं.

आत बरीच रेकॉर्डिंगं होती, सगळी एवढीएवढीशी. त्याने पहिलं लावलं.

"हो," ताई म्हणाली. तोच खरवडलेला आवाज. मागे टीव्हीवरच्या टाळ्या.

"नको."

"पाणी दे."

"दुखतंय."

"पंखा कमी कर."

"जेवलास का?"

"नमस्कार, पाणीपुरवठा. बोला, काय तक्रार आहे?" हे कशाला, तर बहुधा तिला राहवलं नसावं. यात ती हसलीही होती.

"गप्प बस जरा."

"खोटं."

हे शेवटचं कशासाठी ते त्याला कळलं नाही. एकेक शब्द वेगळा घेतलेला, दाबला की तेवढाच वाजावा असा. याला नवा टॅबलेट लागत नव्हता. पुढच्या वर्षीचं सॉफ्टवेअरही लागत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी, तिचा आवाज याहून खूप बरा होता तेव्हा, याच टेबलाशी बसून दुपारभरात हे झालं असतं. उभा जन्म या यंत्रांत घालवून त्याला ते सुचलं नव्हतं, कारण त्याची नजर कायम येणाऱ्या यंत्रावर होती. समोरच्याला तो रोज फक्त पुसत आला होता. तो खुर्चीवर बसला आणि रडला. मालक नोटा हातात धरून नुसते बघत राहिले.

"पुसले का सगळे?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

"तीन पुसले."

"आणि हा?"

"हा विकला."

"डेमो पीस विकत नसतात. कुणाला विकलास?"

"मला. पगारातून कापा."

मालकांनी त्या यंत्राकडे पाहिलं. काचेवर ओरखडे, पाठीवर 'फक्त पाहण्यासाठी' असं चिकटवलेलं. "चार महिन्यांनी याची निम्मी किंमत होईल, तूच सांगितलं होतंस," ते म्हणाले, आणि ड्रॉवरमधून तारेच्या कुलपाची किल्ली काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले ते घामाने निथळत होते. गाठ पूर्ण निघाली, असं म्हणाले. आजूबाजूला किती पसरलीय ते तपासणीचा अहवाल आल्यावर कळेल. "आधी आला असतात तर हे वाक्य मला बोलावं लागलं नसतं," तेही म्हणाले. त्याने ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

ताईला नीट शुद्ध आली तेव्हा दुपार टळून गेली होती. गळ्यावर पट्ट्या, श्वासाचा घुर्र घुर्र आवाज. तिने ओठ हलवले आणि काहीच निघालं नाही. ती घाबरली. हे होणार हे तिला माहीत होतं, तरीही घाबरली. त्याने घाईघाईने टॅबलेट तिच्यापुढे धरला. प्रत्येक रेकॉर्डिंगचं एक मोठं बटण त्याने करून ठेवलं होतं. 'दुखतंय' आणि 'पाणी दे' अगदी वर घेतले होते, कारण आधी तेच लागतील असा त्याचा अंदाज होता.

ताईचं बोट वर आलं. त्या दोन्ही बटणांपाशी ते थांबलं नाही. खाली आलं, शोधत राहिलं, आणि टेकलं.

"जेवलास का?"

शब्दांमागून टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने दचकून मान वळवली.

"जेवलो," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग तिचं बोट सावकाश शेवटच्या बटणावर गेलं.

"खोटं."

पुन्हा टाळ्या वाजल्या. त्याने यंत्र तिच्या हाताशी ठेवलं, चादर सारखी केली आणि तो जेवायला गेला.