बाबांची आंघोळ

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ब्युरोनं घरोघर पेशंट सांभाळणाऱ्या सगळ्या बायांना एका हॉलमध्ये बसवून ट्रेनिंग दिलं. पेशंटच्या मनाप्रमाणे करायचं, आधी त्याला विचारायचं. म्हातारी माणसं उचलून उचलून लंकाबाईची कंबर पार कामातून गेलेली. पण खुर्ची मऊ होती, शेवटी समोसाही होता, म्हणून तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मखमलाबादला धोंडीरामबाबांकडं नवी ड्यूटी. बाबा जन्मभर भाजीच्या मळ्यात राबलेले, आता डावी बाजू लुळी.

"बाबा, आंघोळीची येळ झाली. तुमच्या मनात काय हाय?"

"तू जा."

झालं! ट्रेनिंग ताजंच होतं. बाई उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

बाबांची सून सिंधुबाई आली. "मावशी, इथं काय करताय?"

"बाबांच्या मनाप्रमाणे."

"मग पगारपण त्यांच्याच मनाप्रमाणे घ्या!"

पायरीवर बसल्या बसल्या बाईच्या डोक्यात उजेड पडला. परक्या बाईनं अंगाला हात लावायचा, त्याची म्हाताऱ्याला लाज वाटतेय. दुसऱ्या सकाळी तिनं अंगणात खुर्ची मांडली, बाबांना लुंगीवरच बसवलं आणि नळाची नळी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"घ्या. मळ्याला द्यायचात तसं द्या पाणी."

आणि पाठ फिरवून उभी राहिली. बाबा एका हातानं न्हाले, वर पोटभर जेवले. फक्त दीड तास गेला.

ब्युरोच्या फॉर्मवर छापलेलं होतं, आंघोळ नऊच्या आत. अकराला पंचवटीत दुसरी ड्यूटी. तिथं रोज उशीर, रोज बोलणी. तीन आठवड्यांत तक्रार गेली आणि सुपरवायझर प्रतिभा मॅडम थेट अंगणात हजर. आज बहुतेक ड्यूटी जाणार, लंकाबाईनं ओळखलं.

"साडेदहा वाजलेत, मावशी. फॉर्ममध्ये नऊ आहे."

"फॉर्म न्हात नाय मॅडम, बाबा न्हातेत."

"तुम्ही घाला ना आंघोळ. वीस मिनिटांचं काम."

"घालते की. मग लाजेनं दिवसभर तोंडात घास घ्यायचे नायत. तुम्हीच शिकवलं ना, मनाप्रमाणे करा?"

"अहो, ते ट्रेनिंग होतं!" मॅडम फॉर्मवर पेनानं लिहायला लागल्या. "उद्यापासून दुसरी बाई पाठवते."

"कोण आलंय गं?" म्हणत बाबा वळले. हातातली नळीपण वळली.

मॅडम नखशिखांत भिजल्या! फॉर्मवरची शाई ओघळून निळा चिखल झाला. लंकाबाईला हसायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. चपला काढून पायरीवर बसल्या.

"सकाळपासून हे चौथं घर. अजून नऊ राहिलीत."

"पाणी देऊ?"

"आता आणखी?"

पर्समधून त्यांनी कोरा फॉर्म काढला. बाबांकडं पाहिलं. ते अजून मन लावून गुडघा धूत होते. घड्याळात पावणेअकरा होत आले होते, तरी मॅडमनी आंघोळीच्या वेळेपुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, नऊ.

"बाबा राहू देत तुमच्याकडं. पंचवटीचं घर मात्र दुसऱ्या बाईला देते. दोन्ही नाही जमणार."

म्हणजे निम्मी कमाई गेली. लंकाबाईनं मान हलवली आणि तीही पायरीवर टेकली. तुझ्या मनात काय हाय, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिनं दोन दिवसांची झोप मागितली असती. विचारलं नाही कुणी.

"अगं ए, नळ बंद कर! पाणी वाया चाललंय!" बाबा ओरडले.

गुडघ्यावर हात टेकत ती उठली.