बर्फावरच्या लाल खुर्चीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी लाल खुर्ची आहे. खुर्च्या शांत स्वभावाच्या असतात असे तुम्हाला वाटत असेल. मी तशी नाही. मी मनात धरून ठेवते.

टॅमरॅक तळ्याच्या पूर्वेला एक टेकडी आहे. तिथला एक पाइन वृक्ष वादळात पडला आणि ऑरिन सुताराने त्याच्या फळ्यांतून मला घडवले. माझा एक पाय जरा आखूडच राहिला. ऑरिन म्हणाला, "असू दे. हिला कुठे पाहुण्यांत मिरवायचंय?" खरेच होते. माझे काम होते बुडण्याचे.

आमच्याकडे हिवाळ्यात तळे असे गोठते की वरून ट्रक जावा. जानेवारीत मला त्या बर्फावर नेऊन ठेवत. माझ्या पायाला दोर बांधत आणि त्याचे दुसरे टोक काठावरच्या आर्मांदच्या दुकानातल्या घड्याळाला. वसंतात बर्फ फुटला की मी पाण्यात जाई, दोर ताणला जाई आणि घड्याळ थांबे. ती बर्फ फुटल्याची वेळ. सारा गाव आधीच पैसे भरून अंदाजाच्या चिठ्ठ्या टाकून बसलेला असे. मग मला ओढून काठावर घेत, टाळ्या वाजत. त्यानंतर आठ महिने मी शेडमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी पडून राही. माझी विचारपूस करत ते फक्त उंदीर.

टेकडी होती म्हाताऱ्या हॅस्किन्सबाईंची. तिथे कोणालाही मज्जाव नव्हता. टेकडीखालच्या उथळ पाण्यात वर्नाबाईंनी गावच्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवले. म्हातारी गेली आणि टेकडी तिच्या शहरात राहणाऱ्या पुतण्याकडे, लायलकडे आली. पहिल्याच महिन्यात त्याने वाटेवर साखळी लावली. जमीन बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना वरून तळे दिसावे म्हणून अकरा पाइन तोडले. मित्रांनो, ते माझे भाऊ होते. शेडच्या फटीतून मी करवतीचा आवाज ऐकला आणि ठरवले, याला सोडायचे नाही.

वर्नाबाईंनी लायलला दुकानातच गाठले.

"लायल, तुला पोहायला कोणी शिकवलं रे?"

"तुम्हीच, बाई. पण पोहल्यानं जमीन कुणाची होत नाही."

"मग विकत दे. गाव घेईल."

"गाव? बीन्सच्या पंगती घालून?" तो खदखदून हसला. "बरं. बिल्डरला थांबवतो बर्फ फुटेपर्यंत. पुढे एक तास नाही!"

"लिही. 'गावच्या नियमाप्रमाणे बर्फ फुटेपर्यंत' असं लिही."

त्याने हसत हसतच सही ठोकली.

तो हिवाळा गावाने जिवाचे रान केले. चर्चच्या तळघरात दर शनिवारी तिकीट लावून बीन्सची पंगत बसू लागली. पोरांनी मेपलच्या झाडांचा गोड रस गोळा केला आणि आटवून त्याचा पाक विकला. अंदाजाच्या चिठ्ठ्यांचे पैसेही टेकडीसाठी गेले. तरी एप्रिल उजाडला तेव्हा किमतीचा चौथा हिस्सा कमीच होता. वर्नाबाई रोज पहाटे काठावर येऊन मला म्हणत, "टिक ग बाई. एवढं वर्ष टिक." आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला बुडू नको म्हणत होते.

आणि एका सकाळी धुक्यातून लायल आला. हातात बादली, बादलीत शेगडीची राख. काळी राख ऊन शोषते आणि तिच्याखालचा बर्फ लवकर वितळतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. माझ्याभोवती त्याने राखेचे मोठे कडे टाकले. पण एप्रिलचा बर्फ आतून पोखरलेला असतो, एक तारखेनंतर त्यावर आमचे कुत्रेही पाय ठेवत नाही, हे तो शहरात जाऊन विसरला होता.

कडाड! तो छातीपर्यंत पाण्यात गेला आणि त्याने मला मिठी मारली. त्याच्या वजनाने मीही गेले. दोर ताणला गेला, घड्याळ थांबले.

खरे सांगते, माझ्या मनात आले, सुटू दे याचा हात. अकरा भाऊ आठवले. पण माझ्या दोराला तोवर वर्नाबाईंचे हात लागले होते, आणि त्यांच्यामागे आर्मांदचे.

"पाय मार, लायल! पाय!" बाई ओरडत होत्या. "शिकवलं होतं ना? की तेही विकलंस?"

माझ्यासकट त्याला त्यांनी काठावर ओढले. घोंगडीत कुडकुडत, कॉफीचा पेला धरून तो म्हणाला, "खुर्ची बुडाली. घड्याळ थांबलं. करार संपला."

आर्मांदने भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवले. "वाच की. 'माणसाचा हात लागून खुर्ची बुडाली तर ती वेळ धरू नये. मग होडीच्या धक्क्यापासून पलीकडच्या बांधापर्यंत बर्फाला न लागता होडी जाईल, तो दिवस धरावा.' गावचा नियम. खाली तुझ्याच काकूची सही आहे."

तळ्यावर मैलभर बर्फ अजून तसाच होता.

लायलच्या आंघोळीची गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. त्याआधी ज्यांनी खिशात हात घातला नव्हता, तेही हसत हसत दुकानात येऊन देणगी देऊन गेले. आठव्या दिवशी टेकडी गावाची झाली. नवव्या दिवशी होडी बांधापर्यंत गेली.

आता मी टेकडीवर त्या अकरा खुंटांपाशी असते. शेजारी देणगीदारांची पितळी पाटी आहे. तिच्यातली शेवटची ओळ वर्नाबाईंनी कोरून घेतली: "लायल हॅस्किन्स यांचेही आभार. त्यांनी नऊ दिवस दिले."

"बाई, हे जरा जास्तच होतंय," आर्मांद म्हणाला होता.

"जास्त? त्यानं तोडलेली झाडं अकरा होती. मी दिवस नऊच लिहिलेत."

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी मोकळी टेकडी, एखादा काठ असेल. साखळी लागण्याआधीच तो सांभाळा. सगळीकडे राख टाकणारे इतके मूर्ख भेटत नाहीत. आणि इकडे आलात तर माझ्यावर खुशाल बसा. खुंटांशेजारी लावलेली रोपे मात्र तुडवू नका. लायल दर उन्हाळ्यात एकदा येतो, पाटी वाचतो आणि उभ्याउभ्याच परत जातो. कधीतरी तो दमेल, बसेल. माझा एक खिळा मी त्याच्यासाठी वर काढून ठेवला आहे.